मृगमांस

मृग कुलातील (सर्व्हिडी) प्राण्यांचे खाद्य मांस. काळवीट व चिंकारा हे वस्तुतः गो कुलातील (बोव्हिडी) प्राणी असले, तरी व्यवहारात त्यांच्या मांसासही हेच नाव देतात. हे मांस गडद तांबडे, बारीक तंतूंचे व अल्प चरबीचे असते. चरबी लवकर थिजते व तोंडात चिकटते, म्हणून ती बहुधा काढून टाकतात.

वन्य हरणाच्या मांसाची प्रत बव्हंशी मृत्यूच्या वेळी व त्यानंतरच्या काही तासांत ठरते. शांतपणे चरत असता मारलेल्या जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन भरपूर असते; मृत्यूनंतर त्याचे लॅक्टिक अम्ल होऊन मांसाचा सामू (अम्लतादर्शक मूल्य) सु. ७ पासून ५.५ च्या आसपास उतरतो. ही अम्लता सूक्ष्मजंतूंच्या वाढीस आळा घालते. पाठलागाने दमलेल्या किंवा जखमी होऊन दूरवर पळालेल्या जनावरात ग्लायकोजेन आधीच संपलेले असल्याने सामू ६ च्या वर राहतो. असे मांस काळसर व कोरडे दिसते आणि लवकर नासते. नेमबाजीतील चूक पुढे शीतगृहात भरून निघत नाही.

गोळी छातीत लागणे इष्ट असते. ती पोटात लागल्यास जठर व आतडी फुटून आतील द्रव्य मांसावर पसरते. जनावर पडताच रक्त वाहू देऊन जठर व आतडी शक्य तितक्या लवकर काढावी लागतात, कारण जठरातील किण्वन मृत्यूनंतरही चालू राहून वायू व उष्णता निर्माण होतात. यकृत, फुप्फुसे, प्लीहा व लसीका ग्रंथी तपासून क्षयासारख्या रोगाची चिन्हे पाहतात. मळलेला भाग पाण्याने धुण्यापेक्षा कापून टाकणे श्रेयस्कर, कारण ओलाव्याबरोबर जंतू सर्वत्र पसरतात. शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण जखमेपासून बरेच दूर जात असल्याने तिच्या भोवतालचे मांसही टाकावे लागते.

धड थंड करताना दोन्ही टोके टाळावी लागतात. यूरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांनुसार मोठ्या वन्य प्राण्याच्या मांसाचे तापमान सर्वत्र ७° से. किंवा त्याहून कमी व्हावे लागते. मात्र मरणोत्तर ताठरता येण्यापूर्वीच स्नायू १०° से.च्या खाली गेल्यास ते आखडतात व मांस चिवट होते. कातडे मांसास सुकण्यापासून व मळण्यापासून वाचविते, पण उष्णताही कोंडते. त्यामुळे मांडीच्या सांध्याजवळचा खोल भाग सर्वांत शेवटी थंड होतो व नासण्यास तेथूनच आरंभ होऊ शकतो. म्हणून पोट उघडे ठेवून धडे एकमेकांस न चिकटतील अशी टांगतात. मे महिन्यात गोंदियाजवळील बिरसीसारख्या ठिकाणी दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते; अशा हवेत शीतगृहावाचून हे मांस काही तासही सुरक्षित राहणे कठीण. जंगल भागांत पूर्वी मांसाच्या पट्ट्या उन्हात किंवा धुरावर सुकवीत, त्याचे कारण हेच.

न्यूझीलंडमध्ये १८५१ पासून आणलेल्या तांबड्या हरणांना नैसर्गिक शत्रू नव्हता; त्यांच्या कळपांनी वनांची हानी केली. १९६० नंतरच्या दशकात हेलिकॉप्टरमधून शिकार करून धडे दोरास लटकावून शीतगृहाकडे नेली जाऊ लागली. १९६९ मध्ये तेथे हरीणपालनास कायद्याने मुभा मिळाली. आता तेथील निर्यात मुख्यतः पाळीव हरणांच्या मांसाची असते.

भारतात अशा व्यापारास कायद्याने वाव नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात परवान्याने शिकारीची असलेली तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. अधिनियमाच्या व्याख्येनुसार ‘मांस’ या संज्ञेत रक्त, हाडे व चरबीही येतात, मग ती कच्ची असोत वा शिजविलेली. गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा (अभयारण्य, १९७०) व नवेगाव (राष्ट्रीय उद्यान, १९७५) येथील चितळ व सांबर हे वाघाचे भक्ष्य होत. ही दोन्ही वने २०१३ पासून एकाच व्याघ्र प्रकल्पात आहेत. चोरट्या शिकारीचे मांस कोणत्याही पशुवैद्यकीय तपासणीविना व बहुधा शीतकरणाविना खपत असल्याने ते खाणाऱ्यासही धोक्याचे असते. ते बकऱ्याचे म्हणून सांगितले जात असले, तरी पेशीतील तंतुकणिकांच्या डीएनएवरून प्राण्याची जाती निश्चित करता येते. या पद्धतीने हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था येथे मांसाचे नमुने तपासले जातात. शिजविलेल्या तुकड्यावरूनही ही ओळख पटू शकते.