काट्याची चौथी तार

दिवाळीच्या आगेमागे खामगावात कापसाच्या गाड्या दिसू लागतात. या गावाचं आणि कापसाचं नातं जुनं. 1870 साली तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तोच मुळी इथला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गावर नेऊन घालण्यासाठी. आज गाडी जिनिंगच्या आवारात शिरली की आधी वजनकाट्यावर चढते. भरल्या गाडीचं वजन होतं, कापूस उतरवला की रिकामीचं. दोन्हींतला फरक गुणिले भाव, एवढाच शेतकऱ्याचा वर्षभराचा हिशेब. काट्याच्या खोलीतल्या संगणकावर आकडा उमटतो, पावती छापून येते. काट्यात खोट आहे का, हे सगळे विचारतात. काट्यातून निघालेला आकडा संगणकात शिरतो कसा, हे मात्र कोणी विचारत नाही. ती वाट फार रंजक आहे.

काट्याच्या फलाटाखाली लोड सेल बसवलेले असतात. त्यांच्यावर भार पडला की त्यांच्यातून येणारा विजेचा दाब किंचित बदलतो. भिंतीवर टांगलेला इंडिकेटर तो बदल मोजून किलोचा आकडा करतो आणि सीरियल केबलमधून एकेक अक्षर संगणकाकडे सोडत राहतो. या केबलचा एक नेहमीचा वेग सेकंदाला 9600 बिट. एका अक्षराला मागचे-पुढचे धरून 10 बिट लागतात, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक अक्षर. माणसाला हा वेग अफाट वाटेल. पण दोन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं घड्याळ तेवढ्या वेळात वीस लाख ठोके देऊन मोकळं होतं. सहा, आठ, चार, शून्य असे अंक येत असतील, तर दोन अंकांच्या मध्ये वीस लाख ठोक्यांची रिकामी वाट पाहणं!

ही वाट कशी पाहायची? एक मार्ग म्हणजे प्रोसेसरने पुन्हा पुन्हा जाऊन विचारायचं: आलं का अक्षर, आलं का? याला पोलिंग म्हणतात. लहानशा यंत्रात ते चालतंही. पण त्याच संगणकावर पावती छापायची आहे, बिलाचा प्रोग्रॅम चालू आहे, मालकाचा व्हिडिओसुद्धा. मग उलटी सोय केली: प्रोसेसरने आपलं काम करत राहावं आणि अक्षर आल्यावर सीरियल पोर्टच्या चिपनेच त्याला हाक द्यावी. ही हाक म्हणजे हार्डवेअर इंटरप्ट.

आयबीएमच्या 1981 च्या पीसीत अशा हाकांसाठी 8259 नावाची एक चिप आणि आठ तारा होत्या. 1984 च्या एटी मॉडेलात दोन चिपा जोडल्या; दुसरीला पहिलीशी बांधण्यात एक तार गेली आणि उपयोगाच्या पंधरा उरल्या. घड्याळाला शून्य क्रमांकाची, कीबोर्डला पहिली, आणि पहिल्या सीरियल पोर्टला चौथी. तिसरा सीरियल पोर्टही त्याच चौथ्या तारेवर बसवलेला होता. नव्वदच्या दशकात माउस हलवला की मोडेम गप्प व्हायचा, त्यामागे पुष्कळदा हीच भागीदारी असे. आता त्या चिपांची जागा एपिक या नव्या व्यवस्थेने घेतली आहे आणि नवी उपकरणं वेगळी तार न वापरता स्मृतीच्या ठरावीक पत्त्यावर एक लहानसा संदेश लिहून हाक देतात. तरी पहिल्या सीरियल पोर्टचा क्रमांक बहुतेक यंत्रांत अजून चारच आहे.

हाक आल्यावर काय होतं? प्रोसेसर हातातली सूचना अर्धवट टाकत नाही, ती पुरी करतो. मग आपण कुठे होतो, हे स्टॅकवर लिहून ठेवतो. शेगावला पारायणाला बसलेला माणूस उठावं लागलं तर ओवीवर खूण ठेवून उठतो, तसंच. एकवीस अध्यायांतली नेमकी कुठली ओवी, हे नंतर आठवत बसायचं काम नको. इंटेल घराण्याचा 64 बिटी प्रोसेसर अशा वेळी पाच गोष्टी नोंदवतो: पुढच्या सूचनेचा पत्ता, तिचा कोड सेगमेंट, झेंड्यांची म्हणजे फ्लॅगची स्थिती, स्टॅकचा पत्ता आणि त्याचा सेगमेंट. बाकीची रजिस्टरं जपण्याची जबाबदारी कर्नेलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची. मग प्रोसेसर 256 खणांच्या एका तक्त्यात बघतो. पहिले 32 खण त्याच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखीव आहेत. शून्याने भागाकार, स्मृतीत नसलेल्या पानाला हात लावणं असल्या भानगडींसाठी. पुढचे खण उपकरणांना. प्रत्येक खणात कर्नेलच्या एका दाराचा पत्ता असतो, आणि त्या दारातून वाट सीरियल पोर्टच्या ड्रायव्हरपर्यंत जाते.

आता घाई का, ते पाहू. जुन्या 8250 या सीरियल चिपमध्ये आलेलं अक्षर ठेवायला जागा एकच. पुढचं अक्षर मिलिसेकंदाने येणार. तेवढ्यात कोणी पहिलं उचललं नाही तर नवं त्याच्यावर बसतं आणि जुनं कायमचं जातं. 6840 मधला एखादा अंक गळाला तर काय होईल, हे काट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. चांगलं सॉफ्टवेअर अपुरी ओळ टाकून देतं आणि पुढच्या ओळीची वाट पाहतं, पण सगळंच सॉफ्टवेअर चांगलं नसतं. पुढे 16550ए ही चिप आली, तिच्यात सोळा अक्षरांची रांग मावते. समजा आठ अक्षरं जमली की हाक द्यायची असं ठरवलं, तर इंटरप्ट आठपटीने कमी होतात. पण पाचच अक्षरं आली आणि पुढे शांतता झाली तर? त्याचीही सोय आहे: चार अक्षरांइतका वेळ काहीच हालचाल झाली नाही तर चिप आहे तेवढ्यासाठी हाक देते.

कर्नेल लिहिणाऱ्यांची खरी कसोटी मात्र इथून पुढे लागते. इंटरप्टच्या दारात शिरताना प्रोसेसर बाकीच्या हाका ऐकणं बंद करतो. (काही हाका बंद करताच येत नाहीत, स्मृतीत गंभीर बिघाड झाला तर ती बातमी दार ठोठावतेच.) म्हणून आत असताना जितका कमी वेळ घालवाल तितकं बरं. लिनक्समध्ये कामाचे सरळ दोन भाग पाडतात. वरचा भाग चिपमधून अक्षरं उचलून तात्पुरत्या बफरमध्ये टाकतो, निरोप पोचल्याचं कळवतो आणि निघून जातो. ओळ पुरी झाली का, ती कोणत्या प्रोग्रॅमला द्यायची, त्याला जागं कसं करायचं, हे खालचा भाग सावकाश, हाका पुन्हा सुरू झाल्यावर करतो. सीरियल पोर्टच्या बाबतीत हे उरलेलं काम वर्कक्यूत, म्हणजे कर्नेलच्या कामांच्या रांगेत, जातं. नेटवर्क, टायमर, डिस्क यांच्यासाठी सॉफ्टआयआरक्यू ही वेगळी व्यवस्था आहे, तिचे दहा प्रकार. तिलाही लगाम घातलेला आहे: दोन मिलिसेकंद किंवा दहा फेऱ्या झाल्या आणि तरी काम उरलंच, तर ते एका साध्या कर्नेल थ्रेडकडे सोपवायचं, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमांची उपासमार होत नाही.

वरच्या भागाने झोपायचं नसतं, म्हणजे कशाचीही वाट पाहत थांबायचं नसतं. कारण तो कोणाच्या वतीने धावत नसतो. ज्याचं काम मध्येच थांबवलं त्याचा या अक्षराशी काडीचाही संबंध नसतो. दुसरी मेख कुलपाची. समजा कर्नेलचाच एखादा भाग बफरला कुलूप लावून काही मोजत बसला आहे आणि नेमका त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला. इंटरप्टलाही तेच कुलूप हवं. तो कुलूप उघडण्याची वाट पाहणार, आणि कुलूप ज्याच्याकडे आहे तो इंटरप्ट संपण्याची. यंत्र कायमचं ठप्प! म्हणून असं कुलूप घेताना त्या प्रोसेसरवरच्या हाकाही तेवढ्यापुरत्या बंद ठेवतात. या चुका वाईट अशा की हजार वेळा सगळं सुरळीत चालतं आणि ऐन हंगामात एकदा अडतं.

ही भीती जुनी आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीला अॅम्स्टरडॅममध्ये एक्स1 हा संगणक तयार होत होता. यंत्र घडवणाऱ्या लूपस्ट्रा आणि स्कोल्टन यांनी त्यात इंटरप्ट ठेवायचं सुचवलं, तेव्हा प्रोग्रॅम लिहिणारे एड्सगर डाइक्स्ट्रा घाबरले आणि काही काळ अडूनच बसले. हाक कधी येईल सांगता येत नाही, म्हणजे चूक झाली तर ती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही, हा त्यांचा आक्षेप. शेवटी त्यांनीच ते काम केलं आणि 1959 चा आपला प्रबंध त्यावर लिहिला. पुढे समांतर चालणाऱ्या कामांची शिस्त लावणारे सेमाफोर त्यांनीच दिले. माझ्या मते घाबरलेल्या माणसाने हे काम हाती घेतलं, हे संगणकशास्त्राचं भाग्य.

हाक देणारं उपकरण बिघडून सारखं ओरडत सुटलं तर? लिनक्स त्याचाही हिशेब ठेवतो. ड्रायव्हरला प्रत्येक वेळी ‘हाक माझी’ किंवा ‘माझी नव्हे’ असं उत्तर द्यावं लागतं. एका तारेवरच्या एक लाख हाकांपैकी 99,900 हून जास्त बेवारस निघाल्या तर कर्नेल ती तार बंद करतो आणि नोंदवहीत लिहितो: कोणालाच पर्वा नाही. इतका माणसाळलेला त्रागा यंत्राच्या नोंदींत क्वचितच सापडतो.

आणि हाका खऱ्याच असूनही फार झाल्या तर? सेकंदाला एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सगळ्यात लहान पाकिटं सेकंदाला 14 लाख 88 हजार येऊ शकतात. प्रत्येकाला एक हाक धरली तर प्रोसेसर नुसता दारात उभा राहील, पाकीट उघडायला वेळच मिळणार नाही. मोगल आणि रामकृष्णन यांनी 1996 मध्ये या अवस्थेवर आणि तिच्यावरच्या उपायावर निबंध लिहिला. लिनक्सने पुढे स्वीकारलेल्या नापी या पद्धतीत पहिल्या पाकिटाला हाक घेतात, मग त्या कार्डाच्या हाका बंद करून रांग संपेपर्यंत आपणच जाऊन उचलतात. म्हणजे ज्या पोलिंगला आपण सुरुवातीला नावं ठेवली, तेच गर्दीच्या वेळी शहाणपणाचं ठरतं.

2009 मध्ये लिनक्सच्या 2.6.30 या आवृत्तीत इंटरप्टचं काम थ्रेडमध्ये चालवायची सोय आली. थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीसेक वर्षं चालवलेलं रिअल-टाइमचं काम 2024 मध्ये 6.12 या आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये गेलं. ज्या यंत्रांना ठरल्या वेळेत उत्तर द्यावंच लागतं त्यांना त्याचा उपयोग. वजनकाट्याला तेवढी घाई नाही.

खरं तर आता बऱ्याच काट्यांच्या खोल्यांत नव्या संगणकाला सीरियल पोर्टच नसतो; यूएसबीचं कन्व्हर्टर मध्ये लावतात. मग चौथी तार सुटते. यूएसबीवरचं उपकरण आपण होऊन प्रोसेसरला हाक देत नाही, यजमान कंट्रोलर त्याला सारखं विचारतो आणि काही मिळालं की तो प्रोसेसरला हाक देतो. शिवाय एफटीडीआयसारख्या प्रचलित कन्व्हर्टरची चिप अक्षरं साठवते आणि तिला ठरवून दिलेली वेळ, मुळात 16 मिलिसेकंद, झाली की एकदम पाठवते. आकडा थोडा उशिरा येतो, गळत मात्र नाही.

आपल्याकडे हा विषय इंजिनिअरिंगच्या मुलांनी आयआयटी मुंबईच्या धनंजय धामधेरे यांच्या किंवा अच्युत गोडबोले यांच्या पुस्तकातून वाचलेला असतो. परीक्षेत व्याख्या आणि आकृती बरोबर येतात. पण 1983 साली सुरू झालेलं शेगावचं गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज असो की जिल्ह्यातलं दुसरं कुठलं, तिथल्या मुलामुलींना एक सांगणं आहे: व्याख्येवर थांबू नका. लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडा आणि ‘प्रोक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल छापायला सांगा. प्रत्येक तारेवर, प्रत्येक प्रोसेसर कोअरला लॅपटॉप सुरू केल्यापासून किती हाका आल्या, ते सगळं त्यात आहे. आता एखाद्या अक्षराची कळ दाबून सोडा आणि फाइल पुन्हा छापा. कीबोर्ड जुन्या पद्धतीने पहिल्या तारेवर जोडलेला असेल, तर त्या ओळीतला आकडा प्रत्येक कळीमागे दोनने वाढलेला दिसेल: दाबल्याचा एक, सोडल्याचा एक.