बंदर बघून ठरवा: क्रूझच्या किनारा-सहलींविषयीचे गैरसमज

क्रूझचं बुकिंग झालं की घरात पहिला वाद बाल्कनीची खोली घ्यायची का यावर होतो आणि दुसरा सहलींवर. जहाज बंदराला लागल्यावर खाली उतरून करायचं काय? कंपनीच्या शोअर एक्सकर्शनची यादी येते. दर डॉलरमध्ये किंवा युरोत आणि तोही माणशी. चौघांचा हिशेब मांडला की डोळे पांढरे होतात. मग एक जण म्हणतो, "आपलं आपण फिरू." दुसरा म्हणतो, "परक्या मुलखात नको ती जोखीम." दोघंही सगळ्या बंदरांसाठी एकच उत्तर शोधत असतात आणि घोळ तिथेच होतो. सात रात्रींच्या एकाच क्रूझवर एका बंदरात जहाजाची सहल घेणं शहाणपणाचं असतं, तर दुसऱ्या दिवशीच्या बंदरात तीच गोष्ट म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. हा फरक कशाने पडतो हे कळायचं तर नेहमी कानावर येणारे काही समज तपासायला हवेत.

"कार्यक्रमात रोम लिहिलंय, म्हणजे जहाज रोमला लागणार"

मोठी जहाजं रोमसाठी लागतात चिविताव्हेकियाच्या बंदरात. तिथून रोमचा मध्यभाग सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब आहे. 'फ्लॉरेन्स' असं छापलेलं असतं तेव्हा जहाज लिव्होर्नोला थांबतं आणि फ्लॉरेन्स तिथून सुमारे ९० किलोमीटरवर राहतं. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळजवळ २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडे. तिथून बर्लिन गाठायला जवळपास तीन तास आणि परतीला तेवढेच. आपल्याकडचे बरेच लोक सिंगापूरहून क्रूझ घेतात. तिच्यातलं 'क्वालालंपूर' असतं पोर्ट क्लांगला, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर.

चिविताव्हेकियाचाच दिवस नीट मांडून बघू. समजा जहाज सकाळी सातला लागलं आणि संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांनी परत वर यायचं आहे. कागदावर हे साडेअकरा तास होतात. पण बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळून उतरणं सुरू व्हायला वेळ लागतो आणि शिडीवर रांग असते. बंदराच्या आतली बस तुम्हाला लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर सोडते. तिथून रेल्वे स्टेशनला दुसरी बस पकडायची किंवा चालत जायचं. पुढे गाडीनुसार पाऊण ते सव्वा तास. रोममध्ये पाय ठेवेपर्यंत साडेनऊ-दहा वाजलेले असतात. परतताना एखादी गाडी चुकली तरी चालावं एवढी मोकळीक ठेवायची, तर साडेतीन-चारला निघायलाच हवं. म्हणजे हातात राहिले सहा तास. तेवढ्यात व्हॅटिकन नीट होतं किंवा कोलोसियम आणि त्याच्या आसपासचा भाग. दोन्ही करायला गेलं तर दोन्हीच्या रांगाच बघून होतात.

असं असलं तरी हा प्रवास अवघड नाही. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या माणसाला तर मुळीच नाही. व्हॅटिकन बघायचं असेल तर तेर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत न जाता आधीच रोमा सान पिएत्रोला उतरावं. तिथून सेंट पीटर्सचा चौक पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. कागदी प्रादेशिक तिकीट काढलं असेल तर चढण्याआधी ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसला तर दंड होतो. आणि आदल्या दिवशी रेल्वेचा संप आहे का ते बघावं. इटलीत संप होतात, पण बहुधा आधी जाहीर करून.

जहाजाची पूर्ण सहल आणि आपलं आपण फिरणं या दोन टोकांच्या मधला एक पर्याय यादीच्या तळाशी असतो आणि लोक तो वाचतच नाहीत. तो म्हणजे जहाजाची फक्त बस. 'रोम ऑन युवर ओन' अशा नावाने ती विकली जाते. बस शहरात सोडते आणि ठरल्या वेळी तिथूनच उचलते. मधले तास तुमचे. ज्यांना गाइडमागे फिरायचं नाही, पण परतीची धाकधूकही नको आहे, त्यांच्यासाठी लांबच्या बंदरांवर मला हाच पर्याय सगळ्यात समंजस वाटतो.

"उशीर झाला तर जहाज थांबेल, एवढे पैसे भरलेत आपण"

जहाज थांबतं, पण जहाजाच्याच सहलीवर गेलेल्यांसाठी. कंपनीकडून घेतलेल्या सहलीची बस वाहतुकीत अडकली तर बहुतेक कंपन्या वाट बघतात, किंवा तसं जमलं नाही तर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची सोय आपल्या खर्चाने करतात. स्वतःहून गेलेल्यांसाठी यातलं काहीच नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ तोमे बेटावर 'नॉर्वेजियन डॉन' या जहाजाचे आठ प्रवासी खासगी सहलीवरून उशिरा परतले. जहाज अजून नांगरावर दिसत होतं. तटरक्षक दलाच्या बोटीने त्यांना जहाजापर्यंत नेलं, तरी वर घेतलं गेलं नाही. त्यांचे पासपोर्ट स्थानिक पोर्ट एजंटकडे सोपवून जहाज निघून गेलं. ते प्रवासी जहाज गाठायला पुढे गाम्बियाला गेले, तर जहाज तिथे लागूच शकलं नाही. शेवटी सेनेगलमधल्या डकारला भेट झाली.

गटाने जाणाऱ्या मराठी मंडळींनी एक बाब मुद्दाम ध्यानात घ्यावी. आपल्या इथल्या टूर कंपनीने किनाऱ्यावर स्वतःची बस ठरवली असेल तर तुम्हाला ती 'टूरची बस' वाटते, पण जहाजाच्या लेखी ती खासगी सहलच असते. वाट बघण्याची हमी तिला आपोआप लागू होत नाही. "बसला उशीर झाला तर जबाबदारी कुणाची?" हे टूर मॅनेजरला पुण्या-मुंबईत असतानाच विचारून घ्यावं. असं विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. सिंगापूर-पिनांग-फुकेत या मार्गावर सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, थायलंड मात्र एक तास मागे. बरीच जहाजं प्रवासभर सिंगापूरचीच वेळ पाळतात. फुकेतला उतरलात की मोबाइल आपसूक थाई वेळ दाखवू लागतो. त्यावर चार वाजले असतील तर जहाजावर पाच वाजलेले असतात. 'तासभर आहे अजून' म्हणून शहाळं पीत बसलेला माणूस खरं तर उशिरात असतो. म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून न्यावं. खोलीत रोज मिळणाऱ्या पत्रकावर परतायची वेळ आणि पोर्ट एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा. पासपोर्टची प्रत आणि औषधांचा एका दिवसाचा जास्तीचा डोस जवळ असावा. आपण काढलेल्या बसच्या किंवा गाडीच्या वेळेत परतीला दोन तासांची मोकळीक नसेल, तर तो बेत बदलावा.

"गाइडशिवाय उतरलं तर काहीच कळत नाही"

पिनांगला उतरून बघा. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि फाटकाबाहेर पडलं की जॉर्जटाऊनच सुरू होतं. पाच-सात मिनिटांत राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षानिमित्त उभारलेला घड्याळाचा मनोरा येतो. वर्षाला एक फूट या हिशेबाने त्याची उंची साठ फूट आहे. शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस. थोडं आत गेलं की लिटल इंडिया. तिथे तमिळ गाणी, फुलांचे गजरे, केळीच्या पानावर वाढलेला शाकाहारी भात आणि १८३३ सालचं श्री महामारियम्मन मंदिर. आणखी पुढे आर्मेनियन स्ट्रीटवर लिथुआनियन चित्रकार एर्नेस्ट झकारेविच याने २०१२ मध्ये रंगवलेली भिंतीवरची सायकलस्वार मुलं. पाण्याकडे वळलं की लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुळांच्या वस्त्या. जॉर्जटाऊनला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती याच सगळ्या सरमिसळीसाठी, आणि ती सरमिसळ पायीच समजते. जहाजाची बस तुम्हाला यातल्या तीन-चार ठिकाणी उतरवते, फोटोपुरतं थांबते आणि मध्ये एका दुकानात नेते. सकाळी जहाजाच्या थिएटरमध्ये जमा, छातीवर नंबराचा स्टिकर, मग चाळीस-पंचेचाळीस माणसांची मोजणी. दर थांब्यावर ही मोजणी पुन्हा होते. सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने अख्खी बस चालते.

माँटेनेग्रोतल्या कोटोरला तर जहाजातून उतरून रस्ता ओलांडला की जुन्या गावाच्या तटबंदीचा दरवाजा. दुब्रोव्हनिकला ग्रुझ बंदरापासून जुनं शहर तीनेक किलोमीटर, आणि शहरबस जाते. अशा ठिकाणी जहाजाची सहल घेण्याचं कारण मला दिसत नाही.

पण पाँपेईला गाइड हवाच. ज्वालामुखीने गाडलेल्या शहरात भिंती सगळीकडे सारख्याच दिसतात आणि सांगणारा नसेल तर तासाभरात कंटाळा येतो. तो गाइड जहाजाचाच असावा असं मात्र नाही. नेपल्सहून सर्कुमव्हेसुव्हियाना रेल्वे पाऊण तासाच्या आत पाँपेईच्या दारात पोहोचवते आणि परवानाधारक गाइड तिथेही मिळतात.

"जहाजाची सहल म्हणजे जहाजाची माणसं, त्यामुळे सुरक्षित"

बस, चालक, गाइड, होडी हे सगळं स्थानिक ठेकेदाराचं असतं. जहाज कंपनी ती सहल विकते, आणि तिकिटाच्या अटींमध्ये ठेकेदार स्वतंत्र असल्याचं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा तिथे ४७ माणसं होती. त्यातली बहुतेक 'ओव्हेशन ऑफ द सीज' या जहाजावरून, जहाजाच्याच सहलीवर आलेली होती. २२ जणांचा जीव गेला. त्या ज्वालामुखीच्या धोक्याची पातळी तीन आठवड्यांपूर्वीच वाढवलेली होती. यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबू नये, हे या दुर्घटनेने फार मोठी किंमत घेऊन दाखवलं. डोंगर, पाणी, छोटी विमानं, ज्वालामुखी असला काही प्रकार असेल तर सहल कुणाचीही असो, तिथला इशारा स्वतः वाचावा. कंपन्या सहा-सात रात्रींच्या प्रवासात सगळ्यांची काळजी घेतात हे खरं, पण ही काळजी त्यांच्या यादीवर सोडून देता येत नाही.

"एका दिवसापुरतं उतरायचं, व्हिसा कशाला?"

या समजामागे सेंट पीटर्सबर्ग असावं. तिथे जहाजाने येणाऱ्यांना अधिकृत सहलीसोबत ७२ तासांपर्यंत व्हिसाशिवाय उतरता येत असे. ती त्या बंदराची खास सवलत होती. भारतीय पासपोर्टवर भूमध्य समुद्रात फिरताना खरा प्रश्न शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा की अनेक प्रवेशांचा हा असतो. अथेन्सहून निघून तुर्कस्तानातल्या कुशादासीला, म्हणजे इफेससच्या जवळच्या बंदराला, थांबून जहाज परत ग्रीसमध्ये आलं की तो दुसरा प्रवेश. कोटोरसुद्धा शेंगेनबाहेर आहे. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला. मार्गातल्या देशांचे व्हिसा नसतील तर अनेक कंपन्या पहिल्याच बंदरात जहाजावर चढू देत नाहीत. आपण तिथे उतरणारच नव्हतो, हे सांगूनही उपयोग होत नाही.

"स्वतः फिरलं की स्वस्तच पडतं"

जहाजाचा दर माणशी असतो आणि टॅक्सीचा गाडीमागे. त्यामुळे चौघांना लिव्होर्नोहून पिसाला गाडी करून जाणं परवडतं, तर एकट्या बाईला तीच गाडी महाग पडते आणि रेल्वे स्वस्त. वादळामुळे जहाज बंदराला लागलंच नाही तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत येतात. खासगी सहलीचे येतील का, हे बुकिंग करतानाच बघावं. क्रूझच्या प्रवाशांसोबत काम करणारे बरेच स्थानिक चालक 'जहाज आलं नाही तर पैसे नाहीत' ही अट मान्य करतात. सँतोरिनीला जहाज समुद्रातच थांबतं आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात, तेव्हा आधीच्या होड्या सहसा जहाजाच्या सहलीवाल्यांना मिळतात. ते बसने वर जातात. बाकीचे जुन्या बंदरातून केबल कारच्या रांगेत उभे राहतात, किंवा जवळपास ६०० पायऱ्या चढतात. गुडघे दुखत असतील तर तिथे जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत. खाली येताना मात्र बहुतेक सगळे त्याच केबल कारच्या रांगेत असतात, हे धरून निघावं.

"आपलं आपण फिरायचं, मग ठरवायचं काय त्यात?"

स्वतः फिरणाऱ्यालाच जास्त तयारी करावी लागते, आणि सुरुवात वारापासून करायची. फ्लॉरेन्सची उफित्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. कोलोसियमला वेळ ठरलेलं, नावाचं तिकीट लागतं. उन्हाळ्यात ते आधी काढलं नसेल तर बाहेरूनच बघावं लागतं. लक्षद्वीपला तर भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. मुंबईहून तिकडे जाणाऱ्या जहाजावर आपल्या मर्जीने बेटभर भटकण्याचा बेत करू नये.

मुंबईत जहाजाने येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही हेच लागू होतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. सोमवारी बॅलार्ड पिअरला उतरलेल्याने तिकडच्या सहलीचा विचारच करू नये. त्याच बंदरातून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फोर्टातल्या जुन्या इमारती आणि काळा घोडा हे सगळं पायी होतं, आणि त्यासाठी माणशी डॉलर मोजून बसमध्ये बसण्याची गरज नाही.