अनवाणी चालणे आणि वाढत्या मुलांचे पाय

पायांत बूट घालून शाळेत येणारी मुले आता खेड्यापाड्यांतही दिसू लागली आहेत. शासनाने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून गणवेशाबरोबर बूट व पायमोजे देण्याची योजना आखली, हे इष्टच झाले. पूर्वी पुष्कळ मुले अनवाणी येत ती गरिबीमुळे, आवडीने नव्हे. तथापि सकाळी चढविलेले बूट सायंकाळपर्यंत उतरावयाचेच नाहीत असे झाले, तर वाढत्या पावलास व्यायाम केव्हा मिळणार, हा प्रश्न उरतोच. त्याचा विचार शिक्षकांनी करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पावलाची रचना

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. ही हाडे स्नायू, कंडरा व अस्थिबंध यांनी एकमेकांस जखडलेली असून त्यांच्या मांडणीतून तळव्याला कमान प्राप्त होते. पाऊल टेकताच ही कमान किंचित दबते व उचलताना पुन्हा ताठ होते. त्यामुळे शरीराचा भार झेलला जातो आणि पुढच्या पावलास रेटा मिळतो.

तान्ह्या मुलाचा तळवा सपाट दिसतो, कारण त्याखाली चरबीचा थर असतो व अस्थिबंध सैल असतात. पुढे मूल चालू लागले, धावू लागले, म्हणजे कमान हळूहळू आकार घेते आणि बहुतेक मुलांत ती दहाव्या वर्षापर्यंत स्पष्ट होते. म्हणजेच पाऊल घडण्याची महत्त्वाची वर्षे ही प्राथमिक शाळेचीच वर्षे होत.

अनवाणी चालण्याचे लाभ

अनवाणी चालताना बोटे पसरतात, जमिनीला धरतात व तळव्यातील लहान स्नायूंना काम पडते. तळव्याच्या त्वचेत स्पर्श जाणणाऱ्या ज्ञानतंतूंची टोके विपुल असतात. जमीन उंचसखल आहे की निसरडी, हे त्यांच्यामुळे तत्काळ कळते व तोल सावरला जातो. जाड तळाच्या बुटात ही जाणीव मंदावते, आणि अरुंद बुटात बोटे एकमेकांवर दाबली जातात.

या संबंधात आपल्याच देशातील एक पाहणी लक्षात घेण्याजोगी आहे. दक्षिण भारतातील राव व जोसेफ या वैद्यांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले व आपले निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण शेकडा ८.६ आढळले, तर न वापरणाऱ्यांत ते शेकडा २.८ होते. बंद बूट घालणाऱ्यांत हे प्रमाण अधिक, तर चपला घालणाऱ्यांत कमी होते. मात्र सपाट पाऊल म्हणजे रोग नव्हे. वेदना नसतील तर पुष्कळदा उपचाराची गरजही पडत नाही.

अतिशयोक्ती नको

दवाने भिजलेल्या गवतावर चालल्याने चष्म्याचा नंबर उतरतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. तिला शास्त्राचा आधार नाही. सकाळी मोकळ्या हवेत फिरल्याने मन प्रसन्न होते, एवढे खरे. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याने १९६० साली रोम येथे मॅरेथॉन शर्यत अनवाणी धावून जिंकली. परंतु १९६४ साली टोकियो येथे तीच शर्यत त्याने बूट घालून जिंकली, हेही मुलांना सांगावे.

धोके

ओलसर, सावलीच्या व मलाने दूषित झालेल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या तळव्याच्या त्वचेतून शरीरात शिरतात, रक्तावाटे फुप्फुसांत व तेथून घशावाटे आतड्यात पोचतात आणि तेथे रक्त शोषतात. मूल फिकट दिसते, लवकर थकते, वर्गात पेंगते. अशा मुलास आळशी म्हणणे हा अन्याय होय. काटा वा खिळा रुतल्यास धनुर्वाताचे भय असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, भेगाळलेल्या पायांवाटे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. अंधारात व शेताच्या बांधावर सर्पदंशाची भीती असते. मधुमेहामुळे वा कुष्ठरोगामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांनी तर घरातही अनवाणी चालू नये. कारण झालेली जखम त्यांस कळतच नाही.

शाळांसाठी सूचना

१. मैदानाचा एक भाग दगड, काचा व काटे वेचून स्वच्छ ठेवावा. तेथे कवायतीच्या वा खेळाच्या तासाला, ऊन तापण्यापूर्वी, १५ ते २० मिनिटे मुलांना अनवाणी खेळू द्यावे. पाय धुऊन व कोरडे करूनच वर्गात घ्यावे.

२. शौचालयात, रस्त्यावर व चिखलात पादत्राणे घालण्याचा आग्रह धरावा.

३. ओल्या पायांचे ठसे कोरड्या फरशीवर उमटवून मुलांना कमान ओळखावयास शिकवावे. ज्याचे पाय दुखतात त्यास आरोग्य तपासणीच्या वेळी वैद्यकीय पथकास दाखवावे.

४. जंतनाशक गोळी दिली जाते त्या दिवशी एकही मूल वगळले जाऊ नये. गैरहजर मुलांना ती मागाहून मिळेल असे पाहावे.

५. बूट आखूड झाले आहेत काय, हे दर सत्रारंभी पाहावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी.

६. बूट नाहीत म्हणून कोणत्याही मुलास रांगेबाहेर उभे करू नये. तसेच अनवाणी चालणे आरोग्यास हितकर आहे, असे सांगून त्याची गरज टाळूही नये.

अनवाणी चालणे ज्याच्या इच्छेवर आहे त्यासच ते लाभदायक ठरते. प्रत्येक मुलापाशी पादत्राण असावे आणि ते निर्धास्तपणे काढून ठेवता येईल अशी स्वच्छ भूमी शाळेच्या आवारात असावी. या दोन्ही गोष्टींची व्यवस्था मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या साहाय्याने करावी, अशी अपेक्षा आहे.