नैतिक भांडवलशाही

नैतिक भांडवलशाही : खाजगी मालकी आणि बाजारव्यवस्था कायम ठेवून, नफा हा उद्योगाचा एकमेव हेतू न मानता श्रमिक, ग्राहक, कच्चा माल पुरविणारा उत्पादक आणि भोवतालचा समाज यांच्या हिताशी भांडवलाला बांधून घेणारी विचारप्रणाली. भांडवलशाहीचे उच्चाटन करू पाहणाऱ्या समाजवादी विचारांहून ती वेगळी आहे. त्याचप्रमाणे मिळविलेल्या नफ्यातून केलेल्या दानधर्माहूनही ती वेगळी आहे. दानधर्माचा प्रश्न नफा हाती आल्यानंतर उद्भवतो. नैतिक भांडवलशाहीचा प्रश्न नफा कोणत्या मार्गाने मिळविला, मजुरी व भाव ठरविताना कोणाचा विचार झाला आणि निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहिला, असा आहे. ‘विश्वस्तवृत्ती’, ‘उद्योगाचे सामाजिक दायित्व’, ‘सहकार’ ही या विचाराची वेगवेगळी रूपे होत. मात्र ती एकमेकांना पर्यायी शब्द नव्हेत.

आधुनिक अर्थशास्त्राचा जनक मानला जाणारा ॲडम स्मिथ हा मुळात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. राष्ट्रांच्या संपत्तीविषयीचा त्याचा ग्रंथ १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तर नैतिक भावनांविषयीचा ग्रंथ त्याआधी सतरा वर्षे, म्हणजे १७५९ मध्ये निघाला होता. पुढे पहिल्या ग्रंथातील बाजाराचे तत्त्व तेवढे प्रचारात राहिले आणि दुसरा ग्रंथ अभ्यासकांपुरता उरला. इंग्लंडमधील गिरण्यांतील स्त्रिया व मुले यांची दैन्यावस्था पाहून रॉबर्ट ओएन याने स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील आपल्या गिरणीत १८०० पासून कामाचे तास, शिक्षण व निवास यांबाबत सुधारणा केल्या. १८४४ मध्ये रॉचडेल येथील विणकरादी कामगारांनी सहकारी भांडार काढले. पहिला प्रयत्न मालकाच्या सदिच्छेवर उभा होता, दुसरा मालकीच्या रचनेतील बदलावर. हा भेद पुढील सर्व चर्चेत पुन:पुन्हा आढळतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाची पहिली तीव्र जाणीव गिरणीतून नव्हे, तर सावकाराच्या खतावणीतून झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला व तो लवकरच आसपासच्या गावांत पसरला. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांच्या कागदांवर अधिक होता, ही गोष्ट बोलकी आहे. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य करणारा कायदा झाला. त्यामुळे न्यायालयांना कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासता येऊ लागला. करार झाला म्हणजे तो न्याय्यच, हे गृहीत त्या कायद्याने प्रथमच बाजूला सारले.

याच काळात महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) हे पुण्यात ठेकेदारीचा व्यवसाय करीत होते. फुले यांचे हे अंग समाजसुधारकाच्या प्रतिमेआड काहीसे झाकले गेले आहे. त्यांच्या ‘पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’ने केलेल्या बांधकामांत पुणे–सातारा मार्गावरील कात्रजच्या घाटातील बोगद्याचे नाव आवर्जून घेतले जाते. याशिवाय मांजरी येथे त्यांची शेती होती. धातूच्या ओतकामाच्या साहित्याची विक्रीही ते करीत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी स्वत:ची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली आहे. पैसा मिळविणे त्यांना गैर वाटत नव्हते. तो कष्टकऱ्याला नाडून मिळविणे त्यांना गैर वाटत होते. सरकारी बांधकामांतील अधिकारी व ठेकेदार यांची लुबाडणूक त्यांनी जवळून पाहिली होती व तिच्यावर त्यांनी कठोर लिहिले. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजातर्फे कात्रजलगतच्या धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी आश्रम चालविण्यात आला. धंद्यातील मिळकत सार्वजनिक कार्यात खर्ची पडल्यामुळे अखेरच्या आजारपणात त्यांची सांपत्तिक स्थिती बिकट झाली आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याकडून त्यांना साहाय्य मिळावे म्हणून मामा परमानंद यांना खटपट करावी लागली. फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित केले. त्या प्रयत्नांतून १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली. एका सद्हेतू ठेकेदाराने चोख वागणे आणि कामगारांनी आपले हक्क स्वत: मिळविणे हे दोन्ही मार्ग अशा रीतीने एकाच चळवळीत जवळजवळ नांदत होते.

महात्मा गांधींनी या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. रस्किनच्या ग्रंथाचा १९०४ मध्ये त्यांच्यावर झालेला परिणाम, ईशोपनिषदातील त्यागाचे तत्त्व आणि इंग्रजी कायद्याच्या अभ्यासातून परिचित झालेली विश्वस्ताची कल्पना यांच्या संयोगातून त्यांची विश्वस्तसंकल्पना आकारास आली. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव समजावी, गरजेपुरते घेऊन उरलेल्याचा समाजासाठी विनियोग करावा, असे तिचे सूत्र आहे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत (१९४२–४४) या विषयावर त्यांची सहकाऱ्यांशी चर्चा झाली आणि सुटकेनंतर किशोरलाल मश्रुवाला व नरहरी परीख यांनी तिचा व्यवहार्य मसुदा गांधीजींपुढे ठेवला. मूळ मसुदा अर्थशास्त्रज्ञ म. ला. दांतवाला यांचा होता. समाजाने स्वत:च्या हितासाठी मान्य केली असेल तेवढ्यापुरतीच खाजगी मालकी असावी, किमान निर्वाहवेतनाबरोबरच उत्पन्नाची कमाल मर्यादाही ठरवावी, उत्पादन वैयक्तिक लोभानुसार नव्हे तर सामाजिक गरजेनुसार व्हावे, अशी कलमे त्यात आहेत. मालकी व संपत्तीचा वापर यांचे कायद्याने नियमन करण्यास त्यात स्पष्ट मुभा आहे. विश्वस्तवृत्ती म्हणजे धनिकांना केलेली केवळ विनवणी, असा जो समज रूढ आहे, तो या मसुद्याच्या वाचनाने टिकत नाही.

तरीही आक्षेप मूलगामी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा सिद्धांत भाबडा वाटे. ज्यांच्या हाती सत्ता व संपत्ती आहे ते केवळ उपदेशाने ती सोडत नाहीत, असे त्यांचे मत होते. १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग व शेती यांची मालकी राज्याकडे असावी व तशी तरतूद संविधानातच असावी, असे सुचविले. दुसऱ्या टोकाकडून अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन याने १९७० मध्ये असे प्रतिपादन केले, की कायदा व प्रामाणिक स्पर्धा यांच्या मर्यादेत राहून नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय. व्यवस्थापकाने भागधारकांचा पैसा परोपकारात घालविणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणे. या दोन परस्परविरोधी आक्षेपांत एक समान सूत्र आहे : सद्भावनेला उत्तरदायी धरणारी यंत्रणा कोठे आहे, हे दोन्ही पक्ष विचारतात.

या प्रश्नाची कसोटी पुणे जिल्ह्यातच, गांधीजींचा मसुदा लिहिला जाण्याच्या पुष्कळ आधी लागली होती. जमशेटजी टाटा यांच्या नागपूर येथील एम्प्रेस मिलने (स्थापना १८७७) कामगारांसाठी निवृत्तिवेतन व अपघातभरपाई यांच्या योजना कायद्याने सक्ती करण्याच्या कितीतरी आधी सुरू केल्या. जमशेटपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये लागू झाला. टाटा समूहाच्या मुख्य कंपनीचे बहुसंख्य भाग आजही धर्मादाय विश्वस्तनिधींकडे आहेत. भारतीय उद्योगाच्या इतिहासात याला तोड क्वचितच सापडेल. परंतु याच समूहाने मुंबईच्या विजेसाठी मुळशी येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा मावळातील सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पां. म. तथा सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. १९२४ च्या सुमारास लढा संपला आणि धरण झाले. गिरणीच्या दारातून आत आलेल्या कामगाराला जे मिळाले, ते बाहेरच्या मावळ्याला मिळाले नाही. उद्योगाची नीती आपल्या माणसांपुरती राहिली, की तिच्या सीमेबाहेर उभे असलेल्यांना ती लागू होत नाही, हा धडा मुळशीने दिला. पुढील काळातील प्रकल्पग्रस्तांच्या प्रश्नाची बीजे तेथेच आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळात या विचाराला कायदेशीर रूप देण्याचे काही प्रयत्न झाले. राममनोहर लोहिया यांनी १९६७ मध्ये पुढे आणलेल्या विश्वस्तविषयक विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले नाही. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने मात्र निर्णायक पाऊल उचलले. पाचशे कोटी रुपये निव्वळ मूल्य, एक हजार कोटी रुपये उलाढाल किंवा पाच कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी कोणतीही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे कलम १३५ सांगते. त्याच अधिनियमातील कलम १६६ ने संचालकांवर कर्मचारी, समाज व पर्यावरण यांच्या हिताचे भान ठेवण्याचे कर्तव्य टाकले आहे. दोन टक्क्यांची चर्चा फार झाली; या दुसऱ्या, अधिक खोलवर जाणाऱ्या कलमाची तेवढी झाली नाही. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, याचा संबंध खरे तर त्याच कलमाशी आहे.

मालकाच्या अंत:करणाऐवजी मालकीच्या रचनेतच नीती गुंफण्याचा प्रयोग महाराष्ट्रात सहकारी चळवळीने केला. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुधाच्या क्षेत्रातील उदाहरण म्हणून कात्रजचा विचार करता येतो. पुण्याच्या दक्षिणेस सातारा रस्त्यावर, पेशवेकालीन तलावामुळे प्रसिद्ध असलेल्या या गावात (आता शहराचा भाग) पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची दुग्धशाळा आहे. संघाची स्थापना १९६० मध्ये झाली. ‘कात्रज’ हे गावाचे नावच पुढे दुधाच्या पिशवीचे, श्रीखंडाचे व तुपाचे नाव झाले. पुणेकरांच्या तोंडी ‘एक कात्रज द्या’ असा प्रयोग रुळला, तेव्हा त्यात घाटाचा किंवा तलावाचा काही संबंध उरला नव्हता.

अशा संघाचे अर्थकारण खाजगी दुग्धव्यवसायाहून मुळातच निराळे असते. गावातील प्राथमिक संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध जमा होते. स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांचे प्रमाण तपासून प्रतीनुसार भाव ठरतो. एक म्हैस असलेली विधवा आणि वीस गाई असलेला बागायतदार यांना एकाच प्रतीच्या दुधासाठी एकच दर मिळतो. दूध शीतकरण केंद्रांतून संघाच्या दुग्धशाळेत येते. हिशेब सामान्यत: दर दहा दिवसांनी चुकता होतो, आणि ही नियमित रोकड कोरडवाहू घरात पिकाच्या पैशापेक्षा अधिक उपयोगी पडते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार प्रत्येक सभासदाला एकच मत असते, मग त्याचे भाग कितीही असोत. भागांवरील लाभांशास सर्वसाधारणपणे पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे आणि नफ्याचा काही हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. भांडवलाला मर्यादित मोबदला देऊन उरलेले आधिक्य दूध घालणाऱ्यास ‘दरफरक’ म्हणून, बहुधा दिवाळीच्या सुमारास, परत केले जाते. नफा येथे नाहीसा होत नाही. तो कोणाकडे जावा, एवढेच बदलते.

या रचनेची खरी परीक्षा पुष्टकाळात होते. पावसाळ्यानंतर व हिवाळ्यात दूध वाढते, भुकटी व लोणी यांचे भाव पडतात, आणि खाजगी खरेदीदार दर उतरवितो किंवा संकलन आखडते घेतो. संघाला सभासदाचे दूध नाकारणे नीतीच्या दृष्टीने अवघड असते, कारण तोच मालक असतो. उलट कृशकाळात खाजगी व्यापारी लिटरमागे एक-दोन रुपये अधिक देऊ करतो आणि तोच मालक संघाकडे पाठ फिरवितो. १९९१ नंतर दुग्धव्यवसाय परवानामुक्त झाल्यावर व १९९२ च्या दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेशानंतर ही स्पर्धा सतत वाढत गेली. जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली राज्यात झालेल्या दूध आंदोलनाच्या मुळाशी पडलेले खरेदीदर हेच कारण होते. शहरातील ग्राहक पिशवीचा भाव वाढू नये म्हणतो, गावातील उत्पादक पेंडीचा खर्च निघावा म्हणतो. दोघांचे म्हणणे न्याय्य असते आणि दोहोंमध्ये उरलेल्या थोड्या रुपयांत संघाला वाहतूक, पगार व यंत्रसामग्रीचा खर्च भागवावा लागतो.

सहकाराच्या उणिवाही दुर्लक्षिता येणार नाहीत. एक मत हा नियम कागदावर समतेचा असला, तरी राज्यातील अनेक सहकारी संस्थांत तालुक्याच्या राजकारणातील मोजक्या घराण्यांची सत्ता दीर्घकाळ टिकली. संचालकपद ही आमदारकीची पायरी ठरली. राज्यातील दूध संघांचा शिखर महासंघ (‘महानंद’) आर्थिक अडचणीत सापडून २०२४ मध्ये त्याचे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले. जनावराची बहुतेक सर्व मेहनत घरातील स्त्री करते, पण सभासद म्हणून नोंद बहुधा पुरुषाची असते. त्यामुळे दहा दिवसांचा पैसाही त्याच्याच नावावर जमा होतो. महिला दूध संस्थांनी काही गावांत हे चित्र बदलले आहे, परंतु जेथे गोठा व दावण एकाच्या नावावर आणि धार काढणारे हात दुसऱ्याचे आहेत, तेथे मालकी कोणाची मानावी हा प्रश्न सहकारी कायद्यानेही अद्याप पूर्णपणे हाताळलेला नाही.