मुलाचा ताबा : न्यायालय काय पाहते?

• ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहणार. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार. दोन्ही एकाकडेच असतील असे नाही.

• कायदे : पालक व पाल्य कायदा, १८९०. हिंदूंसाठी जोडीला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा. त्यानुसार पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे. पण हा अटळ नियम नव्हे.

• कसोटी : मुलाचे हित. आईवडिलांचे हक्क त्यानंतर. शाळा कुठली, आजारपणात रजा कोण काढते, संध्याकाळी घरी कोण असते, हेही पाहिले जाते. जाणत्या मुलाशी न्यायाधीश बहुधा दालनात, आईवडिलांना बाहेर बसवून बोलतात.

• १९९९ : गीता हरिहरन खटला. वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.

• ताब्याचा आदेश अंतिम नसतो. परिस्थिती पालटल्यास तो बदलून मागता येतो.