केंद्र जवळ, परीक्षा परकी : एमआरसीओजीचा अर्ज आणि तयारी

आजचा विषय आहे एमआरसीओजी, म्हणजे लंडनच्या रॉयल कॉलेजची स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची सदस्यत्व परीक्षा. पिंपरीच्या वायसीएममध्ये किंवा डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेजात शिकणारे निवासी डॉक्टर, चाकण-भोसरीत प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : ही परीक्षा इथे राहून देता येते का? बरीचशी येते. पण ती इथे देता येते म्हणजे ती इथली होत नाही. आज मुख्यतः हेच सांगायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. एमआरसीओजी ही आपल्या एमडी, एमएस किंवा डीएनबीची जागा घेणारी पदवी नाही. नुसती ती मिळवून इथे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नोंदणी होईल, असं गृहीत धरून पैसे भरू नका. तुमच्या बाबतीत नियम काय लागू होतो, ते आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून लेखी घ्या.

परीक्षेचे तीन भाग आहेत. भाग १ मूलभूत शास्त्रांचा. एमबीबीएसनंतर देता येतो. दोन पेपर, प्रत्येकी १०० प्रश्न, वेळ अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. भाग २ क्लिनिकल ज्ञानाचा. यातही दोन पेपर, प्रत्येकी तीन तास. एका पेपरात ५० प्रश्न एकच सर्वोत्तम उत्तर निवडायचे, आणि ५० प्रश्न एका लांब यादीतून उत्तर जुळवायचे. पहिल्या प्रकाराला ४० टक्के वजन, दुसऱ्याला ६०. म्हणून पहिले ५० प्रश्न साधारण ७० मिनिटांत उरका आणि ११० मिनिटं यादीवाल्यांसाठी ठेवा. हे दोन्ही भाग संगणकावर, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर होतात. भाग ३ तोंडी-प्रात्यक्षिक स्वरूपाचा. त्याकडे नंतर येतो.

आता अर्ज. अभ्यास उत्तम झालाय, पण माणूस केंद्राच्या दारातून परत जातो, असं होऊ शकतं. कारण नाव. पासपोर्टवर एक, पदवीवर दुसरं. आपल्याकडे विद्यार्थिनींची पदवी माहेरच्या आडनावाची आणि पासपोर्ट सासरच्या आडनावाचा, हे अगदी नेहमीचं. वडिलांचं नाव एका कागदावर मधे, दुसऱ्यावर गायबच. म्हणून अर्जात नाव टाकताना परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार, ते समोर ठेवा आणि अक्षरन् अक्षर तसंच लिहा. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधीच पाठवा.

भाग २ साठी आणखी एक पायरी आहे. परदेशातल्या उमेदवाराचं प्रशिक्षण कॉलेजकडून आधी तपासून मंजूर व्हावं लागतं. त्यासाठी विभागप्रमुखांच्या सह्या लागतात, तारखा लागतात. ते मंजूर होईपर्यंत जागा आरक्षित करता येत नाही. तेव्हा अर्जाची खिडकी उघडल्यावर धावपळ करू नका, काही महिने आधी सुरुवात करा.

आणि घड्याळ. ब्रिटनची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती बदलते. अर्जाची अंतिम वेळ तिकडच्या घड्याळाने असेल, तर हा तास महागात पडतो.

परीक्षेच्या दिवशी चाकणहून निघणाऱ्यांनी तळेगाव चौकाची वाहतूक गृहीत धरावी. शिफ्ट सुटायच्या वेळी तिथे काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. शक्य असेल तर आदल्या रात्री केंद्राजवळ मुक्काम करा, आणि आदल्या रात्रीची ड्युटी तर कुणाशी तरी बदलूनच घ्या. काही भाग घरून ऑनलाइन द्यायचा असेल, तर वार पाहा. आपल्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या देखभालीचा वार.

एक सवय मात्र मुद्दाम मोडावी लागते. नीट-पीजीत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं तर १ जातो, म्हणून शंका आली की आपण प्रश्न सोडतो. इथे चुकीला दंड नाही. एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

आता खरी अवघड गोष्ट. २८ आठवड्यांच्या गर्भवतीचं हिमोग्लोबिन १०.७ आलंय समजा. आपल्याकडे ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, गोळ्यांचा डोस वाढवा. ब्रिटिश मार्गदर्शनात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीची सीमा १०५ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे आपले १०.५. तिथे ही बाई रक्तक्षयी नाही. गर्भावस्थेतल्या मधुमेहाचंही तेच. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज, उपाशी असो वा जेवलेली, आणि दोन तासांनी १४० मिलिग्रॅम ही रेषा. तिकडे उपाशीपोटी ५.६ मिलिमोल किंवा दोन तासांनी ७.८. मिलिमोलला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो : ५.६ म्हणजे सुमारे १०१. तुमचं ज्ञान कमी नाही, पण उत्तर कुठल्या देशाच्या रेषेवर तपासलं जातंय ते विसरलात, तर गुण जातात.

भाग ३ मध्ये १४ टप्पे, प्रत्येकी १२ मिनिटं, त्यातली पहिली दोन वाचायला. कोविडच्या काळात हा भाग व्हिडिओ कॉलवर घेतला गेला. तुमच्या सत्रात पद्धत कोणती आहे, ते त्या सत्राच्या सूचनांत पाहा. पाच गोष्टी तपासतात : रुग्णाची सुरक्षितता, रुग्ण आणि नातेवाइकांशी संवाद, सहकाऱ्यांशी संवाद, माहिती काढणं आणि ज्ञानाचा वापर. ज्ञान पाचांपैकी एक!

समजा, समोरच्या बाईने विचारलं, 'मुलगा आहे की मुलगी?' महाराष्ट्रात लिंगनिदानाविरुद्ध कायदा १९८८ पासून आहे, केंद्राचा १९९४ चा. म्हणून आपण हात झटकून 'नाही' म्हणतो, आणि इथे ते बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये ते सांगणं गुन्हा नाही. तिथे पटकन नकार दिला, तर तुम्ही तिचं म्हणणंच ऐकलं नाही असं दिसतं. ती का विचारतेय, तिला भीती आहे का, घरून दबाव आहे का, हे विचारायला हवं.

याचा सराव कुठे करायचा? महागड्या कोर्सआधी आपल्या ओपीडीत करा. चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेल्या कुटुंबांतली बाई येते. प्रश्न तिला विचारला, उत्तर नवरा किंवा सासू देते. तिची भाषा भोजपुरी किंवा ओडिया असते. तिला दोन मिनिटं एकटीला बोलू द्या. नातेवाईक नसलेला दुभाषा शोधा. शेवटी तिच्याच शब्दांत सांगायला लावा, की धोक्याची लक्षणं कोणती आणि कुठे यायचं. रोज एका रुग्णापुरतं, घड्याळ लावून, दहा मिनिटं.

परीक्षेत याचे गुण मिळतील. पण नापास झालात, तरी रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झालेली ती बाई वेळेत दवाखान्यात पोचण्याची शक्यता वाढलेली असेल. फीचे पैसे भरताना हा हिशेबही धरा.

आता प्रश्न घेऊ. पासपोर्टच्या नावाबद्दल ज्यांना विचारायचंय, त्यांनी आधी हात वर करा.