शिबिर संपलं, मैदान कुठे आहे?

मराठवाड्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी फड सुरू होतो आणि मानाची शेवटची कुस्ती लागेपर्यंत दिवस कलतो. हलगी कडाडत असते, कडेला माणसांची भिंत उभी असते. हिंगोली जिल्ह्यातल्या गावांनाही हे दृश्य नवं नाही. त्या भिंतीत बायका मात्र फारशा दिसत नाहीत, मग आखाड्यातली गोष्ट तर दूरच.

तरीही आखाड्यात उतरायला निघालेल्या बायका होत्या. उत्तर प्रदेशातल्या हमीदा बानूने 1954 साली जाहीर आव्हान दिलं होतं, जो मला चितपट करील त्याच्याशी लग्न करीन. बडोद्यात बाबा पैलवानाला तिने 1 मिनिट 34 सेकंदांत लोळवलं. पुण्यात मात्र रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे होऊच शकली नाही. स्त्रियांच्या कुस्तीला ऑलिंपिकचं दार 2004 मध्ये अथेन्सला उघडलं आणि महाराष्ट्रात पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला 2023 चा मार्च उजाडला. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेत तुंग गावच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिली गदा उचलली.

पण प्रत्येक मुलीला काही गदा जिंकायची नसते. शाळेतून घरी येताना, बसच्या गर्दीत, शेतावरच्या एकट्या वाटेवर तिला मान वर करून चालायचं असतं. त्यासाठी सरकारी योजना आहे. समग्र शिक्षा अभियानातल्या ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणा’त सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना कराटे, तायक्वांदो, ज्युदो यांसारखे प्रकार शिकवायचे असतात. मुदत तीन महिने, शाळेला दरमहा 5000 रुपये. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळा या योजनेच्या कक्षेत येतात.

या वर्गांत शिकवतात तरी काय? सुरुवात उभं राहण्यापासून होते. पाय किती फाकवायचे, वजन कुठे ठेवायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं कसं. कोणी मनगट धरलं तर ओढाताण करायची नाही. पकड सगळ्यात कच्ची असते ती अंगठ्याच्या बाजूला, तिकडे हात पिळून काढायचा. ज्युदोत पहिला धडा पडण्याचा असतो, कारण पडायची भीती गेली की अंग मोकळं होतं. कराटेत प्रत्येक जोरदार ठोशाबरोबर पोटातून आरोळी द्यायची असते. ‘हळू बोल’, ‘मोठ्याने हसू नकोस’ असं ऐकत वाढलेल्या मुलींना ठोशापेक्षा ही आरोळीच जड जाते. पहिल्या दिवशी सगळ्या खुदकन हसतात. एकीचा आवाज फुटला की दुसरीचाही फुटतो.

या शिक्षणाचा उपयोग होतो का, याची नीट तपासणी कॅनडात झाली. मानसशास्त्रज्ञ शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या 893 विद्यार्थिनींचे दोन गट केले. एकाला 12 तासांचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकांच्या गटात बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के होतं, प्रशिक्षणाच्या गटात 5.2 टक्के. 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हे निष्कर्ष छापले. त्या 12 तासांत हातापायांचे डाव हा एक भाग होता. धोका लवकर ओळखणं आणि ओळखीच्या माणसालाही ठणकावून ‘नाही’ म्हणणं, यावरही तितकाच भर होता. आपल्याकडे याचं महत्त्व जास्तच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो.

कायदाही अशा वेळी बाईच्या बाजूने उभा आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. बलात्काराच्या किंवा अॅसिडच्या हल्ल्यात प्रतिकार करताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी कलम 38 तिला संरक्षण देतं. पोलिसांची मदत 112 वर आणि महिला हेल्पलाइन 181 वर मिळते. डाव शिकवणाऱ्याने हेही शिकवायला हवं.

या प्रशिक्षणाचा दुसरा लाभ सोबतीचा. कराटेत जोडी लागते, एकटीने ठोसा अडवता येत नाही. वरच्या पट्ट्याची मुलगी पांढऱ्या पट्ट्याच्या मुलीला शिकवते, मग जात, गल्ली, इयत्ता मागे पडते. मराठवाड्यात आज असा घोळका सगळ्यात ठळक दिसतो तो पोलिस भरतीच्या तयारीत. भरतीत महिलांना 30 टक्के आरक्षण आहे. 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक अशी 50 गुणांची मैदानी चाचणी असते, आणि तिच्यासाठी पहाटे एकटीला मैदानावर पाठवायला कचरणारं घर चार मैत्रिणींबरोबर पाठवायला राजी होतं. हिंगोली हे तर राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक 12 चं ठिकाण. गणवेशातली मुलगी इथल्या आईबापांच्या कल्पनेबाहेरची नाही.

आणि ही विद्या काही परदेशातूनच आणावी लागते असं नाही. टाळेबंदीच्या काळात, 2020 मध्ये, पुण्याच्या रस्त्यावर 85 वर्षांच्या शांताबाई पवार पोटासाठी दोन्ही हातांनी लाठ्या फिरवत होत्या. तो व्हिडिओ देशभर गेला. पुढे अभिनेते सोनू सूद यांच्या मदतीने त्यांचा प्रशिक्षण वर्ग उभा राहिला. डोंबारी समाजातल्या या आजीला ही विद्या लहानपणीच घरात मिळाली होती. लाठी, दांडपट्टा, मर्दानी खेळ जाणणारी माणसं शोधली, तर ती जवळपासही सापडतील.

अडचण आहे ती सातत्याची. तीन महिन्यांत डाव कळतो, तो अंगात मुरायला वर्षं लागतात. मुदत संपली की प्रशिक्षक जातो, घोळका पांगतो, आवाजही पुन्हा खाली येतो. खरं तर पैशाची वाट बंद नाही. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या योजनांत मुलींना स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि ग्रामपंचायतीनेही आपल्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत बायकांनी एवढंच मागावं: संध्याकाळी तासभर शाळेचं पटांगण, एक दिवा आणि वर्षभर टिकणारी एक प्रशिक्षक.